'पैनगंगा' जहाजाचं रजिस्टर

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला केनवडच्या वाचनालयात मुन्नानं लोखंडी कपाट उघडलं. आतलं खाकी पाकीट टेबलावर ठेवून तो त्याची सुतळी सोडू लागला, पण गाठ सुटेना. शेवटी ब्लेडनं सुतळी कापली, पाकिटात हात घातला आणि आतलं जाडजूड पुस्तक बाहेर काढलं.

ते शाळेच्या मुलांचं नकाशांचं पुस्तक होतं.

मुन्नानं पाकीट उलटं करून झटकलं. परदेशी अधिकाऱ्याचं पत्र खाली पडलं, जहाजाचा रंगीत फोटो पडला. रजिस्टर नव्हतं.

खोलीत पाच माणसं होती. वाचनालय सांभाळणारा मुन्ना. भागिरथाबाई सरकटे, जिच्या नवऱ्याच्या नावावर ते पाकीट आलं होतं. तिची मुलगी धम्मदीपा, एसटीत वाहक. मुक्कामी गाडीवरून उतरली ती खाकी गणवेशातच इथं आली होती. नेव्हीतून निवृत्त झालेले देवमन पट्टेबहादूर, वाचनालयाचे अध्यक्ष. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले माजी सरपंच पंजाबराव बोडखे.

"कोणी कायलेच हात लावू नका," धम्मदीपा म्हणाली. "मी पोलिसाले फोन करते."

देवमन मटकन खुर्चीवर बसले. त्यांनी आज पांढरीशुभ्र पॅन्ट आणि पांढरा शर्ट घातला होता, दाढी घोटून केली होती. एखाद्या समारंभाला निघाल्यासारखे ते दिसत होते.

२

बीट जमादार हरिसिंग आडे यांची नोकरी संपायला सात महिने उरले होते. ते मोटरसायकल लावून आत आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी मुन्नालाही समोर बसवलं. त्यांच्या हातात वही नसायची. चौकशी सुरू करताना ते प्रत्येकाला एकच सांगायचे.

"तुमी काय पाह्यलं ते सांगा. काय वाटलं ते सांगू नका."

मुन्नानं सांगितलं ते असं.

'पैनगंगा' नावाची एक फ्रिगेट होती. म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. आपल्याच नदीचं नाव, म्हणून या भागात तिचं कौतुक. केनवडची दोन पोरं तिच्यावर होती, देवमन आणि प्रसेनजित सरकटे. दोघं एकाच वर्गातली आणि एकाच वर्षी भरती झालेली. बॉयलर रूममध्येही दोघांची पाळी एकच. चोवीस वर्षांपूर्वी एका सकाळी बॉयलरमधलं पाणी उतरलं, नळी फुटली आणि वाफेनं प्रसेनजित भाजून गेला. चौकशी झाली. प्रसेनजित आपली जागा सोडून गेला होता, म्हणून पाणी उतरल्याचं कळलं नाही, असा निकाल लागला. धम्मदीपा तेव्हा वर्षाची होती.

जहाज म्हातारं झाल्यावर भंगारात जाईल असं सगळे धरून चालले होते. पण दूरच्या एका बेटांच्या देशाला जहाज हवं होतं. आपल्या देशानं 'पैनगंगा' त्यांना देऊन टाकली. तिकडे तिचं नाव बदललं, रंग बदलला, आणि जुनं बॉयलर उपसून काढायचं काम निघालं. तेव्हा भिंतीच्या पत्र्यामागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, बॉयलरच्या नोंदींचं एक रजिस्टर सापडलं. त्याच्या आतल्या पानावर प्रसेनजितनं इंग्रजीत नाव, गाव, पिनकोड लिहून ठेवला होता. तिथल्या अधिकाऱ्यानं ते पोस्टानं पाठवलं. 'माझे वडीलही जहाजाच्या भट्टीवर होते. हे त्या माणसाच्या घरी असावं असं मला वाटलं,' एवढंच पत्रात होतं.

"कधी आलं?"

"काल दुपारी. पाच वाजता सगळे इथं जमलो. भागिरथामावशीनं पेढे आणलते पिशवीभर. मी पत्र वाचलं, फोटो सगळ्याईले दाखवला. सगळे माह्याभोवती गोळा झालते."

"आन् रजिस्टर?"

"ते मावशीच्या मांडीवर. देवमनकाकाईनं आधी हातात घेतलं, चार पानं चाळली. म्हणे, चष्मा नाई आणला, उद्या वाचतो. मावशीही म्हणे, पोरगी उद्या येईन, तिच्यासमोरच वाचू. म्हणून कोणी फोटो नाई काढले. मग मावशीनं पाकिटात भरलं, देवमनकाकाईनं सुतळी बांधली, मी कपाटात ठेवलं. सहा वाजले असतीन."

"कपाटाच्या चाव्या?"

"दोन. एक माह्यापाशी, एक देवमनकाकापाशी."

हरिसिंगनी त्याचा मोबाइल मागितला. कालचे फोटो एकेक करून पाहिले. एका फोटोत सगळे जहाजाचं चित्र बघत होते आणि देवमन खिडकीपाशी एकटेच उभे होते. हरिसिंगनी बोटांनी चित्र मोठं केलं.

देवमनच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याची काडी बाहेर डोकावत होती.

३

पंजाबराव बाहेर ओट्यावर बसले होते. वाचनालयाला प्रसेनजितचं नाव द्यायचा ठराव दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा यांनीच तो पाडला होता. त्यांना तिथं आपल्या वडिलांचं, नानाजींचं नाव हवं होतं.

"माह्यावर शक असंन तुमचा," ते म्हणाले. "पण इचार करा, जमादार. चौकशीत जे निघालं तेच मी ग्रामसभेत बोललो. ड्युटी सोडून गेला त्याचं नाव पोराईसमोर कायले लावाचं? त्या पुस्तकात तेच लिहून असंन, अशी मले खात्री होती. मले त ते वाचलं जावंच असं वाटत होतं."

"काल तुमी कवा गेले?"

"पत्र अर्धं झालं आन् उठलो. वावरात माणसं लावली होती. पुस्तकाले म्या हातही नाई लावला. इचारा कोणालेही."

हरिसिंगनी विचारलं. ते खरं होतं.

मग ते देवमनच्या घरी गेले. देवमन पडवीत बसले होते. पांढरे कपडे अजून अंगावर होते. भिंतीवर जहाजाचा एकही फोटो नव्हता, हे हरिसिंगच्या नजरेत आलं. चौदा वर्षं ज्यावर काढली त्या जहाजाचा एक तरी फोटो माणूस लावतो.

"काल चष्मा तुमच्या खिशात होता," हरिसिंग म्हणाले.

देवमननी मान हलवली. "होता."

"मग खोटं काहून बोलले?"

"भेव वाटलं वाचाचं."

"कायचं भेव?"

आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"मी पुस्तक घेतलं नाई," देवमन शेवटी म्हणाले. "पण एक सांगतो. आज सकायी त्या पाकिटातून नकाशे निघाले, तवा घडीभर मले बरं वाटलं. आन् त्याची मले लाज वाटून राह्यली."

"हे कपडे कायले घातले आज?"

"मीच वाचून दाखवणार होतो. नीट दिसावं म्हणलं."

हरिसिंग उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "ती सुतळीची गाठ कोणती होती? मुन्नाले सुटली नाई."

"आमची जहाजावरची. मी दुसरी बांधतच नाई. हात ते इसरत नाई."

४

दुपारी हरिसिंग पुन्हा वाचनालयात आले. टेबलावर पाकीट, कापलेली सुतळी आणि नकाशांचं पुस्तक मांडून बसले. धम्मदीपा समोर उभी होती. तिला घरी जाऊन झोप म्हटलं तरी ती गेली नव्हती.

"देवमनकाका असं नाई करणार," ती म्हणाली. "मले दहावीचं गणित त्याईनंच शिकवलं. आईचे सगळे फॉर्म तेच भरतेत. आजवर घरात एक दिवा लावाचा म्हणलं तरी ते येऊन लावून देतेत."

"बस बाई. मी काय म्हणतो ते आयक, आन् चुकलो त सांग." हरिसिंगनी नकाशांचं पुस्तक पुढं सरकवलं. "चोरानं हे आत काहून ठेवलं?"

"रजिस्टर गेलं हे कळू नाई म्हणून."

"कोणाले कळू नाई? बंद कपाटात पाकिटाचं वजन कोण पाह्यते? चावी असलेला माणूस आला असता, पाकीट उचललं असतं आन् गेला असता. त्याले नकाशे शोधत बसाची गरज काय? पाकीट जड लागावं लागते, ते कोणाच्या तरी हातात देताना. म्हणजे अदलाबदल कपाट बंद व्हायच्या आधी झाली, सगळ्याईच्या देखत. तुमी सगळ्याईनं जे ठेवलं ते नकाशांचंच पुस्तक होतं."

धम्मदीपा खुर्चीवर बसली.

"गाठही तेच सांगते. रातून कोणी सोडली असती त तशी परत बांधता आली नसती. एक देवमन सोडून."

"म्हणजे..."

"थांब. देवमनपाशी चावी आहे. मुन्नापाशी आहे. ज्याच्यापाशी चावी, त्याले चार माणसाईच्या समोर असा जुगार खेयाची गरज नाई. तो निवांत येऊन नेते. समोर बदलते तो, ज्याले कपाट एकदा बंद झाल्यावर उघडता येणार नाई. दोघंही सुटले. पंजाबराव आधीच उठून गेलते. तू रिसोडच्या गाडीवर होती." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी खालच्या आवाजात उच्चारलं. "हे नकाशे पोराईच्या फडताळातले आहेत. मुन्नाच्या फोटोत त्या फडताळाले टेकून कोण बसलं आहे, ते तू पाह्य. मी त्याचं नाव नाई घेत."

तिनं मोबाइल हातात घेतला, पण फोटोकडे पाहिलं नाही.

"पेढे वाटून झाल्यावर पिशवी रिकामी पाह्यजे होती," हरिसिंग म्हणाले. "मुन्ना म्हणते, मावशी, पिशवी द्या, मी घेतो. त त्या म्हणाल्या, राहू दे, मीच नेते."

"माह्या आईले इंग्रजी अक्षर येत नाई, जमादारकाका," धम्मदीपानं मोबाइल खाली ठेवला. "त्या पुस्तकात काय आहे हेच तिले कसं समजणार? आन् चोवीस वर्षं ती याचीच वाट पाहून राह्यली. ती काहून लपवीन?"

"तेवढंच मलेही समजलं नाई," हरिसिंग म्हणाले.

५

भागिरथाबाई अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. हरिसिंग आणि मुलगी एकत्र येताना दिसले तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बसा, जमादार. मले वाटलंच, तुमी संध्याकायपर्यंत येसान."

त्या आत गेल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. वर निळ्या अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता. खाली रजिस्टर.

"बाई, हे तुमचंच आहे. तुमच्याच माणसाच्या नावावर आलं," हरिसिंग म्हणाले. "आपली वस्तू आपल्या घरी नेली, हा काही गुन्हा नाई. पण पोरीचा जीव तुमी टांगणीले लावला. काहून?"

भागिरथाबाईंनी रजिस्टर उघडलं. खूण म्हणून एक पत्र ठेवलं होतं, तिथंच. पानावर दोन रकाने होते. दोन्हीत दर अर्ध्या तासाचे आकडे.

"हे माह्या माणसाचे," त्यांनी डाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "मी वाचाले शिकली ते त्याच्या पत्रावरून. हरेक पत्राले तो इंग्रजी आकड्यात नंबर टाकत होता. चार असा लिही, वरून उघडा. नवाची शेपटी आत वयवलेली. इंग्रजी मले येत नाई, पण त्याचा चार मी कुठंही वयखीन."

मग बोट उजव्या रकान्यावर गेलं. "हे देवमनभाऊचे. चोवीस वर्षं माहे फॉर्म भरते तो. त्याचा सात, त्याचा दोन, सगळे पाठ आहेत मले. आता खाली पाह्य, धम्मा."

धम्मदीपानं वाकून पाहिलं. वेळ इंग्रजी आकड्यांत होती. साडेचार, पाच, साडेपाच, सहा. दोन्ही रकाने दोन वेगळ्या हातांचे. साडेसहाला उजव्या रकान्यातला चार वरून उघडा होता. सातलाही. त्याखाली पान कोरं.

"नळी सात वाजून दहा मिनिटाले फुटली," ती हळूच म्हणाली. निकालाचा कागद तिला पाठ होता. "बाबा तिथंच होते. दोघाईचं काम एकटे करत होते."

"व्हय."

"आन् काकांनी चौकशीत सांगतलं, की बाबा गेलते."

"व्हय."

ती ताडकन उठली. आईनं तिचा हात धरला.

"काल पत्र वाचणं चालू होतं तवाच म्या हे पान पाह्यलं. म्या खिडकीकडे पाह्यलं, त तो उभा होता. त्याचं तोंड पाह्यलं. त्याले समजलं होतं, पुस्तकात काय आहे ते. मले वाटलं, सकायी हे सगळ्याईसमोर वाचलं त हा पकडला जाईन. मग माफी मागीन, रडीन, पण ते सगळं पकडला गेला म्हणून. पुस्तकानं सांगतलं म्हणून." त्यांनी रजिस्टर मिटलं. "चोवीस वर्षं हा माणूस माह्या दारात येत राह्यला. एकदा त त्यानं सोताहून तोंड उघडावं. तेवढी जागा म्या त्याले ठेवली."

"आन् नाई उघडलं त?" धम्मदीपानं विचारलं.

"त ऐतवारी पुस्तक वाचू. लपवून ठेवाले नाई आणलं म्या ते."

हरिसिंगनी अंगणातल्या तुरीकडे पाहिलं. तक्रार दिली होती, ठाण्यात उत्तर द्यावं लागणार होतं. रजिस्टर सापडल्याचं आजच सांगितलं तर गावभर होईल.

"मी ऐतवारी सकायी येतो," ते म्हणाले. "तोपर्यंत माहा तपास चालू आहे."

६

शनिवार गेला. देवमन घराबाहेर पडले नाहीत. त्यांनीच रजिस्टर जाळलं असं गावात बोललं जाऊ लागलं. पंजाबराव मात्र कोणाला काही बोलले नाहीत. धम्मदीपा ड्युटीवर गेली आणि परत आली, आईशी दोन दिवसांत चार शब्दही बोलली नाही. आईनं बाबांच्या नावाआधी दुसऱ्याच माणसाचा विचार केला, हे तिला सहन होत नव्हतं.

रविवारी सकाळी हरिसिंग आले तेव्हा पेटी अंगणातच ठेवलेली होती, पण झाकण बंद होतं. आठ वाजले. साडेआठ झाले. "चला," धम्मदीपा म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं.

देवमन आत आले. जय भीम म्हणाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वहिनी, पुस्तक गेलं," ते म्हणाले. "आता ते सापडलं नाई त त्यात काय होतं हे कोणालेच समजणार नाई. दोन दिवस मी हाच इचार केला. जहाज भंगारात जाईन तवा पुस्तकही जाईन, असं चोवीस वर्षं वाटत होतं. ते दुसऱ्या देशाले दिलं त तिकून आलं. आता पुन्हा गेलं. आन् तरी मले झोप नाई. म्हणून सांगाले आलो. त्या दिवशी प्रसेनजित जागेवर होता. नव्हतो तो मी."

त्यांनी धम्मदीपाकडे पाहिलं.

"चार महिने पाण्यावर काढले होते, त्या सकायी किनारा दिसणार होता. तोच म्हणला, जा, तू वर जाऊन पाहून ये, दोन्हीकडचं मी सांभायतो. मग तू आल्यावर मी जातो. मी वर गेलो. पाच मिनिटाचा अर्धा तास झाला, अर्ध्याचा एक. पंप बंद पडला असंन. तो पंपाकडे पयाला असंन, तिकडे बॉयलरचं पाणी उतरलं. एका माणसाचं काम नोहोतं ते. मी खाली आलो त सगळी वाफच वाफ." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पुस्तक टेबलावर होतं. म्या ते प्लास्टिकात गुंडाळून पत्र्यामागे कोंबलं. समुद्रात टाकाची हिंमत नाई झाली. आन् चौकशीत म्हणलं, तो वर गेलता."

"बाबा काही बोलले?" धम्मदीपानं विचारलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"बोलला." देवमन म्हणाले. "स्ट्रेचरवर. म्हणला, दिसला का किनारा? म्या हो म्हणलं. दिसला होता मले."

भागिरथाबाई उठल्या. त्यांनी पेटी उघडली आणि रजिस्टर देवमनच्या पुढ्यात ठेवलं. देवमननी ते पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू खाली बसले. ते पान उघडायची त्यांना गरज नव्हती.

"काका," धम्मदीपा म्हणाली. त्या शब्दावर ती क्षणभर अडली. "तवा जसं लिहून दिलं होतं, तसं आता हे लिहून द्या. सही करून. मी तुमाले माफ केलं असं समजू नका."

"नाई समजत, पोरी."

तो कागद आणि रजिस्टर पुढं नेव्हीकडे गेलं. उत्तर यायला अकरा महिने लागले, पण ते प्रसेनजितच्या बाजूनं आलं. वाचनालयाच्या नावाचा ठराव तिसऱ्यांदा आला तेव्हा तो पंजाबरावांनीच मांडला. देवमननी अध्यक्षपद सोडलं होतं. ते सगळ्यांत मागं बसले होते. हरिसिंग तेव्हा निवृत्त झाले होते, तरी आले होते. धम्मदीपा देवमनशी पुन्हा बोलली की नाही, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी धम्मदीपानं आतून कागद आणून दिला. देवमननी चष्मा लावला, पेन उघडलं आणि थांबले.

"सरकारी आहे. इंग्रजीत लिहू का?"

"नाई, मराठीत लिहा," भागिरथाबाई म्हणाल्या. "मले वाचाचं आहे."